दमट सोवळं

सासूबाईंच्या कमरेला नायटा झाला तो श्रावणात. मेडिकलवाल्या भैयाच्या ट्यूबने तो थोडे दिवस निमूट बसला आणि मग पोटावर पसरला. पुढे माझ्या काखेतही आला. बँकेच्या काउंटरवर बसून खाजवता येत नाही, आणि खाजवलं नाही तर समोरच्याशी धड बोलता येत नाही. मी वैतागून गेले होते.

कारण घरात सगळ्यांना दिसत होतं. इकडे उत्तरेतही खंडेराव गेटजवळच्या आमच्या घरी देवाचा स्वयंपाक सोवळ्यातच होतो. सोवळ्याचं लुगडं सासूबाई स्वतः धुवायच्या, काठीने उंच दांडीवर टाकायच्या, मग त्याला कुणी शिवायचं नाही. पावसाळ्यात ते वाळतच नसे. तसंच दमट नेसून त्या नैवेद्य होईपर्यंत गॅसपाशी उभ्या. घरात इस्त्री होती, पण सगळ्यांच्या पँटींवरून फिरलेली इस्त्री सोवळ्याला कशी चालणार?

शेवटी रजा टाकून मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आधी ती ट्यूब बंद केली. तिने खाज दबते आणि बुरशी माजते, म्हणाल्या. आम्हा दोघींना गोळ्या लिहून दिल्या आणि सासूबाईंना बजावलं, "माताजी, गीला कपड़ा छोड़ना पड़ेगा. नहीं तो दाद लौट-लौटकर आएगा." दाद म्हणजे आमचा नायटा.

परतताना सोवळ्यापुरती नवी इस्त्री घेऊ, असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. लग्न होऊन आल्यापासून देवाचा स्वयंपाक त्यांचा. त्यात कुणाची लुडबुड चालत नसे. दुसऱ्या दिवशी मात्र त्या साध्या सुती साडीत बाहेर आल्या आणि दांडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आजपासून देवाचं तू बघ."

मी लुगडं काढलं आणि त्यांच्यादेखत त्यावर घरातलीच इस्त्री फिरवली. इतकी थकले होते, की भांडण झालं असतं तरी चाललं असतं. मग तेच नेसून नैवेद्याला लागले.

दिवाळीपर्यंत आम्ही दोघी बऱ्या झालो. बँक सांभाळून नैवेद्य करताना माझा जीव मेटाकुटीला आला होता. म्हटलं, आता कोरडं नेसा आणि तुमचं तुम्ही सांभाळा.

"नको गं," त्या म्हणाल्या. "तुझं इस्त्रीचं देवाने गोड मानलं. मग मी इतकी वर्षं ओली कशाला राहिले, हे त्याच्यासमोर उभं राहून मला विचारवणार नाही."