टेकडीचे स्वच्छ शंख

माझी वहिनी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत गोगलगायींचे शंख साफ करायची. संशोधक कुठून कुठून गोगलगायी आणत, त्यांची जात ठरवत आणि शंख खणांत ठेवून देत. आणणं आणि ठरवणं यांच्या मधलं काम वहिनीचं. मी तिथेच सुतार होतो. खण मी केले. त्यात ठेवण्यासारखं जे होतं, ते तिने केलं.

काम सोपं नव्हतं. गोगलगाय उकळत्या पाण्यात सोडायची. मग टोक वाकवलेल्या टाचणीने मांस धरायचं आणि शंखाचा वेढा जसा असेल तसं बाहेर घ्यायचं. टाचणी स्थिर ठेवायची, शंख फिरवायचा. हिसका दिला की शेपूट तुटतं आणि वरच्या बारीक वेढ्यात अडकून बसतं. तिथे ते कुजतं. वास सुटतो, मुंग्या लागतात, किडे खणातल्या चिठ्ठ्या खातात. वहिनीच्या हातून शेपूट सहसा तुटत नसे. तुटलंच तर भिजवून, पिचकारीने पाणी मारून, पुन्हा भिजवून ती ते काढायचीच. शेवटी थोडं ब्लीच, मऊ ब्रश, आणि सावलीत फडक्यावर वाळवण.

"घ्या, वास घ्या," म्हणत ती शंख समोरच्याच्या नाकाशी धरायची. मुख्य संशोधक असलेले आमचे थोरले साहेबही त्यातून सुटले नाहीत.

माझा मोठा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, जेवताना तिला चिडवायचा. "गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात. हिने पाय काय, पोटसुद्धा शिल्लक ठेवलं नाही."

"तुमचं डोकंही साफ केलं असतं," वहिनी म्हणायची, "पण आत काही असेल तर टाचणी घालायची ना!"

दादा मोठ्याने हसायचा आणि आणखी वाढून घ्यायचा.

तिच्या शेजारच्या टेबलावर एक जण होता. प्रत्येक कामाला 'उद्या बघू' म्हणायचा, म्हणून आम्ही त्याला उद्याबुवा म्हणायचो. टाचणी घालायची, आलं तेवढं ओढायचं, राहिलं त्यावर कापसाचा बोळा कोंबायचा आणि विडी ओढायला बाहेर. वहिनीला हे खपत नसे. तो बाहेर गेला की त्याचे शंख आपल्या टेबलावर ओढायची आणि पहिल्यापासून साफ करायची.

"वहिनी, त्याचं काम तुम्ही कशाला करता?" मी एकदा विचारलं.

"खणाला काय माहीत कुणी केलंय, भावजी? घाण ती घाण."

मला ते पटलं. आजही कामचुकार माणूस मला सहन होत नाही.

गावाबाहेर चुनखडीची एक टेकडी होती. तिच्या कपारींतून थोरल्या साहेबांनी एक लहान तपकिरी गोगलगाय आणली होती, बरीचशी. शंख अगदी नदीकाठच्या साध्या गोगलगायीसारखा. साहेबांनी तिला तेच नाव दिलं. शंख साफ होऊन माझ्या खणात गेले.

पुढे साहेब निवृत्त झाले, उद्याबुवाही गेला. टेकडीवर सिमेंटसाठी खाण लागली. अर्धी टेकडी फोडून झाली, तेव्हा साहेबांच्या जागी नवीन बाई आल्या. हुशार आणि कष्टाळू. त्यांना टेकडीची गोगलगाय वेगळी वाटत होती. शंखाच्या तोंडाच्या कडेत थोडा फरक होता, पण तेवढ्याने भागत नव्हतं.

"शंख म्हणजे घर," त्यांनी मला समजावलं. "दोन कुटुंबांची घरं सारखी असतात. आत कोण राहतं ते बघावं लागतं." ती फक्त त्या टेकडीवरच सापडणारी जात ठरली असती, तर उरलेली अर्धी टेकडी वाचली असती. खाण पुढे न्यायची की नाही, याची सुनावणी तोंडावर आली होती.

बाई वहिनीकडे आल्या. "वहिनी, टेकडीच्या गोगलगायींचं मांस कुठे ठेवलंय?"

"मांस?" वहिनी हसली. "ते मोरीत जातं, बाई. ठेवतं का कुणी?"

बाई हसल्या नाहीत. वहिनीचं हसू हळूहळू गेलं.

"एखादा शंख नीट साफ न झालेला असेल? आत शेपूट सुकून चिकटलेलं? एवढंसं मिळालं तरी पुरेल."

वहिनीने खण काढला. एकेक शंख दिव्यासमोर धरला. पातळ शंख, उजेड आरपार यायचा. आत काही असतं तर सावली पडली असती. कुठेच पडली नाही. बाईंनी काही शंख कुटून डीएनए तपासायला पाठवले. उकळणं आणि ब्लीच, दोन्हींनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

"उद्याबुवाने केलेले काही असतील ना?" मी म्हणालो.

"होते," वहिनी म्हणाली. "मी पुन्हा केले."

खाणवाल्यांची परवानगी काढून आम्ही तिघं टेकडीवर गेलो. मी पहारीने दगड उलटत होतो, त्या दोघी खालची माती बोटांनी चाळत होत्या. कपारींची बाजू केव्हाच फुटून गेली होती. सापडले ते उन्हाने पांढरे पडलेले रिकामे शंख. एकाचं तोंड मात्र बंद होतं. कोरड्या दिवसांत गोगलगाय दार लावून आत झोपते. वहिनीने तो बाईंच्या हातावर ठेवला, आपला हात खाली धरून, पडू नये म्हणून. बाईंनी सुईने टोकरलं. आत घट्ट बसलेली माती.

वहिनी पुन्हा वाकली. रखवालदाराने शिट्टी मारली, तरी ती उठेना. शेवटी बाईंनीच तिला दंडाला धरून उठवलं.

सुनावणीत बाई खोटं बोलल्या नाहीत. वेगळी असावी, पण सिद्ध करता येत नाही, एवढंच म्हणाल्या. सिद्ध होत नाही म्हणजे ती नदीकाठचीच, आणि तसल्या नदीकाठी हव्या तेवढ्या आहेत. टेकडी गेली.

"वहिनी, तुमची चूक नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हाची पद्धतच तशी होती."

"माझ्या टेबलावरची पद्धत साहेबांची. शेजारच्या टेबलावरचे शंख ओढायला मला कुणी सांगितलं होतं?"

  

त्यानंतर मांस स्पिरिटमध्ये ठेवायची पद्धत आली. वहिनी तीही शिकली आणि निवृत्त होईपर्यंत चोख करत राहिली. बाटलीवरचं झाकण पुसल्याशिवाय खाली ठेवत नसे. फक्त कुणाच्या नाकाशी काही धरणं तिने सोडलं.

आता दादा नाही. मी अधूनमधून वहिनीकडे जाऊन बसतो. परवा न राहवून विचारलं, "वहिनी, इतक्या गोगलगायी तुमच्या हाताखालून गेल्या. टेकडीवरच्यांचं मांस नदीकाठच्यांपेक्षा वेगळं दिसायचं का हो?"

ती बोटं चोळू लागली.

"मी कधी बघितलंच नाही, भावजी. मांस हातात आलं की मी शंखात बघायची, काही राहिलं तर नाही ना म्हणून."