युगांडाला जाण्याआधीची लस

१४ जानेवारी. युगांडाच्या सहलीचे कागद लावत बसले होते. कॅन्सर झाल्यापासून नवऱ्याचा एकच हट्ट होता, आफ्रिकेतल्या मोठ्या तळ्यात गळ टाकायचा. तिथल्या लॉजवाल्याने शिकारीचंही विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "नको, घरातली वाघीण सांभाळतोय तेवढं पुरे."

मी सगळं त्याला झेपेल असं ठरवलं होतं. सकाळी दोन तास बोट, बसायला पाठीची खुर्ची, दुपारी झोप. राहिली होती फक्त पीतज्वराची लस. तिच्याशिवाय त्या देशात घेत नाहीत.

दुपारी अल नहदातल्या आमच्या घरून दुबईला त्याच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी मान हलवली. "यात जिवंत विषाणू असतो. केमो चालू असताना ही लस देता येत नाही."

"मग कधी?" मी विचारलं.

"केमो संपल्यावर, काही महिन्यांनी."

त्याची केमो संपणारी नव्हती. आजार आवरेल तितके दिवस ती द्यायची, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी बोटीतल्या खुर्चीची चौकशी चारदा केली होती, लसीची एकदाही नाही.

गाडीत तो म्हणाला, "अगं, मासे वाचले बिचारे."

१५ जानेवारी. सकाळी मी लॉजला येत नसल्याचं कळवलं. पुढची कोणती तारीख धरू, असं त्यांनी लगेच विचारलं. कुठलीच नको, असं लिहिलं आणि त्याच्यासाठी चहा टाकला.