पन्नास ओहमची टोपी

इसाकला सुट्या वस्तूंचा भारी राग. पावणे एमआयडीसीतल्या दुरुस्तीच्या गाळ्यात त्याचा पेचकस टेबलाला दोरीनं बांधलेला, आणि तुर्भ्याच्या घरी टीव्हीचा रिमोट त्याच्याच खुर्चीच्या हाताला. बायको आबिदा विचारायची, मला मालिका लावायची असेल तर तुमच्या मांडीवर येऊन बसू का? तो नुसता हसायचा. दोरी सोडेल तर शपथ!

उभा जन्म त्यानं दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करण्यात घालवला. यंदा मात्र पहिल्या तारेपासून स्वतःचा पल्स जनरेटर बनवला. विजेचे ठोके देणारं खोकं ते. ठोका किती रुंद, किती वेगानं, किती उशिरानं, सगळं बटणांवर. हवा तर एकच ठोका सोडा, नाहीतर बाहेरून इशारा आला की सुटेल अशी सोय. उंची दहा व्होल्ट, पण पन्नास ओहमच्या लोडवर, म्हणजे पुढे तेवढा रोध जोडलेला असेल तर. लोडच नसेल तर दुप्पट दिसणार, जास्त लोड पडला तर कमी. मालकीण राजश्रीताईंनी सांगून टाकलं होतं, की गिऱ्हाइकानं हे पास केलं तर आपण बनवत राहू, नाहीतर आपली दुरुस्तीच बरी. निवृत्तीला आलेल्या माणसाला दुसरी संधी कोण देतो?

तपासायला गिऱ्हाइकाकडून जागृती आली. करावे गावची पोरगी, बोलणं कमी, काम चोख. ठोक्यांचं चित्र दाखवणारा नवा कोरा स्कोप तिनं सोबत आणला होता. केबल तेवढी इसाकची घेतली. रुंदी बरोबर, उशीर बरोबर, ठोक्याची चढण तर इतकी ताठ की ती स्वतःहून छान म्हणाली. इसाक आतल्या आत फुगला. मग तिनं उंची मोजली. पावणेसातच्याही खाली!

 इसाकनं तीच केबल आपल्या जुन्या स्कोपला लावली, तर दहा. तिच्या स्कोपला लावली, की पुन्हा घसरण. राजश्रीताई मटकन खुर्चीत बसल्या. ते त्याला जास्त लागलं. जागृतीनं नियमाप्रमाणे स्कोपच्या आतला पन्नास ओहम चालू केलाय, हे त्यानं दोनदा बघून घेतलं. तिची काही चूक नव्हती.

आकडा त्याच्या डोक्यात घोळत राहिला. दहाचे दोन तृतीयांश, अगदी मापून. बिघाड इतका हिशेबी कधी नसतो. म्हणजे लोड दोनदा लागतोय! आणि त्याला आठवलं. जुन्या स्कोपच्या आत तो पन्नास ओहम नाही, म्हणून केबलच्या टोकाला बाहेरून पन्नास ओहमची एक छोटी टोपी लावावी लागते. टोप्या सारख्या हरवायच्या. वैतागून त्यानंच एक टोपी या केबलवर बसवली होती आणि वरून काळी नळी चढवून गरम हवेनं घट्ट आवळली होती. दिसायलाच नको कुणाला. आणि गडी स्वतःच विसरला!

क्षणभर वाटलं, हळूच दुसरी केबल काढावी. कुणाला कळलंही नसतं. पण त्यानं कात्री घेतली आणि सगळ्यांसमोर नळी कापली.

"माझंच काम हाय हे," तो म्हणाला. "हरवू नये म्हणून मीच लपवली होती."

टोपी काढून केबल जोडली. पडद्यावर दहा व्होल्ट उभे राहिले, ताठ. जागृती हसली आणि तिनं पास म्हटलं. राजश्रीताईंनी बजावलं, "इसाकभाई, यापुढे प्रत्येक यंत्राबरोबर टोपी द्यायची. सुटी." तो गुमान हो म्हणाला. इतका खूश होता की काहीही कबूल केलं असतं.

घरी त्यानं आबिदाला सगळं सांगितलं, स्वतःच्या फजितीसकट. ती पोट धरून हसली. हसू ओसरलं तेव्हा बघते तर नवरा खुर्चीजवळ वाकून दोरी कापत होता. त्यानं रिमोट तिच्या हातात दिला.

"हरवला तर?" तिनं विचारलं.

"हरवू दे. शोधू दोघं मिळून."