खटक्याचं शाईपेन

सत्तरच्या दशकात नाशिकच्या आमच्या शाळेत बॉलपेनला बंदी होती. अक्षर बिघडतं म्हणे. जसं काही आमचं मोत्यासारखंच होतं!

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला मामाने सिन्नरहून खटक्याचं बॉलपेन आणलं. ते घरात ठेवून देईल तर ती कसली! तिने रिफिल काढली, टोक मेणबत्तीवर मऊ करून त्यात जुन्या शाईपेनाची निब जिभेसकट बसवली, शाई भरली आणि वर खटक्याच्या खाली मेणाचं बूच मारलं.

वर्गात टक्क वाजताच सर गरजले, "बॉलपेन?" तिने वहीत रेघ ओढून वही पुढे केली. सरांनी रेघेवरून बोट फिरवलं, ते निळं झालं. सर फळ्याकडे वळले.

"खटका कशाला ठेवलास गं?" मधल्या सुट्टीत मी विचारलं.

"सरांनी विचारावं म्हणून," ती म्हणाली.