लेकीच्या काठीचा वाक

वाकडं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. जन्म लेथ मशीनवर गेला, आधी धुळ्यात नोकरीला, मग जळगावात घरामागच्या शेडमध्ये. लग्नात मांडवाचा बांबू सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तिरपा दिसला तर मला जेवण गोड लागत नाही. बायको म्हणते, "तुमले बठ्ठं सरळच लागस." बठ्ठं म्हणजे सगळं.

लेक नाशिकला नोकरी करते आणि गोल्फ खेळते. गल्लीतले त्याला हॉकीच म्हणतात, मी समजावणं सोडलंय. गेल्या महिन्यात ती दोन काठ्या घेऊन आली. रविवारी तिची पहिलीवहिली फायनल होती. एका काठीचं डोकं दांड्यावर किंचित फिरलं होतं, त्यामुळे चेंडू डावीकडे पळायचा. ते तापवून सोडवायचं, रेषेत आणायचं आणि परत चिकटवायचं, एवढंच काम. हीट गन, रबरी पकड, गोंद, सगळं तिने विकत आणलेलं. बाप लेथवाला असताना! मी जरा फुगलो, पण हत्यारं होती एक नंबर.

ती दुपारी एरंडोलला मामाकडे गेली. तेवढ्यात मी डोकं सोडवलं, गुण्या लावून बरोब्बर बसवलं. मग दुसरी काठी दिसली, चेंडू भोकात ढकलायची, आखूड. तिचा दांडा डोक्याजवळ चक्क वाकलेला. म्हटलं, पोरीने एसटीत दाबून आणली. लाकडाच्या ठोकळ्यांत धरली आणि पाइप घालून ओढली. सुतासारखी सरळ झाली. माझ्यावर मीच खूष.

संध्याकाळी परतलेली लेक ती आखूड काठी हातात घेऊन स्टुलावरच बसली.

"नाना, हा वाक मुद्दाम ठेवलेला असतो. त्याच्यामुळेच दांडा आड येत नाही, मला चेंडू नीट दिसतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी तिची गाडी, नवी काठी आणायची कुठून?

पण धुळ्यात ज्या मुसलमान उस्तादांनी माझ्या हातात पहिली कानस दिली, त्यांनी टपल्या मारून एक सवय लावली होती. कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी ती आहे तशी खडूने जमिनीवर उतरवायची. ते म्हणायचे, "पहले लकीर, फिर हथौडा." शेडच्या फरशीवर तो वाक जसाच्या तसा काढलेला होता. हात सवयीने काढून मोकळा झाला होता, मी विसरलो होतो. बरं तर बरं, त्या दिवशी झाडू फिरला नव्हता.

हळूहळू वाकवत, रेघेवर ठेवून बघत, तिसऱ्या खेपेला दांडा तंतोतंत बसला. लेकीने फरशीवर पेला आडवा ठेवला, चेंडू ढकलला. गेला आत. परत ढकलला, परत आत. मग तिने काठी चेंडूमागे टेकवून वरून नजर लावली, उचलली, परत टेकवून बघितली. माझा जीव टांगणीला.

मग काठी माझ्यापुढे धरून म्हणाली, "नाना, अजून अर्धा सूत वाकवा. मला तो पहिल्यापासून जरा कमीच वाटायचा."

ज्या हातांनी घोळ घातला, त्याच हातांत तिने फायनलची काठी परत दिली. इतका आनंद झाला की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. आणि चष्म्याशिवाय मला अर्धा सूत काही दिसत नाही. तिला म्हटलं, थांब जरा.