हसनभाईंना मी जे सांगितलं

हे मी बायकोला सांगितलं नाही. ती जायच्या आधी चांगले सहा महिने अंथरुणावर होती, बोलायला वेळच वेळ होता – तरीही नाही. मुलांना तर नाहीच. आज तुम्हाला का सांगतोय, ते मलाही धड माहीत नाही.

गोष्ट तशी लहान आहे. दोन वाक्यांची. ती मी बोललो, आणि दोन्ही खोटी होती. पण आधी हसनभाई कोण ते सांगायला हवं – की मी पुन्हा टाळतोय?

हसनभाई आमच्याच खाडीकाठचे, रत्नागिरीकडचे. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. होड्या बांधणारे सुतार. कुवेतला ते शर्क भागातल्या किनाऱ्यावर लाकडी जहाजांच्या कामावर आले. ते काम आटत गेलं तसे आमच्या बांधकाम कंपनीत शिरले. तिथे सुतारकाम म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी फळ्या ठोकायच्या, सुकलं की उचकटायच्या. मी त्याच कंपनीत कारकून – मॅट्रिक पास, इंग्रजी येणारा. तिथल्याच हवल्ली वस्तीत एका खोलीत राहायचो आम्ही. मला टायफॉईड झाला तेव्हा एकवीस दिवस त्यांनी मला हाताने पेज भरवली. हे मी तेव्हा विसरलो होतो, असं म्हणणं सोपं आहे. विसरलो नव्हतो.

अठ्ठावन्न की एकोणसाठचा उन्हाळा. आमचा एक इंजिनियर इटालियन होता, क्रेमोना नावाच्या गावचा. जुनं शहर. तिथल्या गल्ल्यांमधून तीन-चारशे वर्षं व्हायोलिनं बनत आली आहेत, असं तो ज्याला त्याला धरून सांगायचा. आजोबांनी घडवलेलं एक व्हायोलिन त्याने बरोबर आणलं होतं. कुवेतच्या कोरड्या हवेने त्याची वरची फळी उभी तडकली. साहेब दोन दिवस ते मांडीवर घेऊन बसला होता. मीच त्याला म्हणालो, आमच्याकडे एक सुतार आहे. म्हणजे सुरुवात मीच केली. आणि चांगल्या मनाने केली – हेच तर मला कळत नाही.

हसनभाईंनी त्याआधी व्हायोलिन कधी हातातही घेतलं नव्हतं. शुक्रवारी सुट्टी असायची; पहिला शुक्रवार ते नुसते बघत बसले. बोटाने टिचकी मारायचे, कान लावायचे. मग पातळ सुरीने फळी सोडवली, सरस पातळ करून भेगेत भरला, आतून नखाएवढ्या लाकडाच्या पट्ट्या आडव्या बसवल्या. पाच शुक्रवार गेले. शेवटी भेग कुठे होती ते मला सापडेना.

साहेबाच्या ऑफिसात आम्ही तिघंच होतो. त्याने वाजवलं. मध्येच थांबला, डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून बोलत सुटला – याला सांग, हे हात फळ्या ठोकायचे नाहीत. क्रेमोनात माझ्या काकांचं वर्कशॉप आहे. व्हायोलिन बनवायला शिकवणारी शाळा आहे. मी पत्र लिहितो, सगळी व्यवस्था करतो. येईल का विचार.

हसनभाई माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय बोलतो रे तो, बाबू?"

सात वर्षं मी त्या साहेबांच्या टेबलांसमोर उभा राहत होतो. एकानेही कधी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. आणि सहीही करता न येणारा हा माणूस इटलीला जाणार – तोही माझ्या इंग्रजीवर?

मी म्हणालो, "आवाज पहिल्यासारखा राहिला नाही, बोलतो. लाकूड दबलं."

"मग रडतो का?"

"आजोबांची वस्तू ना."

हसनभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी छातीवर हात ठेवला, मान खाली घातली. "माझ्या वतीने माफी माग रे."

मी साहेबाकडे वळलो आणि इंग्रजीत म्हणालो, "तो आभारी आहे. पण बायको-मुलांना सोडून इतक्या लांब येणार नाही."

साहेबाला वाटलं, नाही म्हणताना हा माणूस संकोचतोय. त्याने हसनभाईंचे दोन्ही हात हातात घेतले. हसनभाईंना वाटलं, साहेबाने माफ केलं. दोघांच्याही डोळ्यांत पाणी. मध्ये मी.

पुढच्या वर्षी साहेब मायदेशी गेला. हसनभाईंनी बारीक पटाश्या फडक्यात बांधून खाटेखाली सारल्या. आधी ते खोलीत बसून मुलांसाठी चिमुकली गलबतं कोरायचे, ते थांबलं. कुणी पेटी दुरुस्त करायला आणली तर म्हणायचे, "दुसऱ्याला सांग. माझा हात गेला." सिमेंटच्या धुळीत आणखी सात-आठ वर्षं ते फळ्या ठोकत राहिले. मग छाती भरली आणि ते गावी परतले.

मी रजेवर गेलो तेव्हा ते पडवीत पडून होते. भाभी पाणी आणायला आत गेल्या. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "बाबू, त्या साहेबाचं ते वाजवायचं... मागाहून कुणी धड केलं असेल का रे?"

एवढी वर्षं हे त्यांच्या मनात होतं. आणि खरं सांगायला आता काय लागत होतं? पत्र नको, तिकीट नको. आपल्याच बोलीतलं एक वाक्य. भाभी आत होत्या. ऐकणारंही कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "केलं असेल."

"बरं झालं," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

चौथ्या दिवशी ते गेले. जनाज्याला पहिला खांदा मी दिला. सख्ख्या भावासारखा वागलास, असं लोक म्हणाले. मी ऐकून घेतलं.