हळदीत न उमटलेली बोटं

कळमनुरीत मी एका दुकानात बॅनर बनवतो. वाढदिवस, जयंत्या, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं माझ्याच हातून जातं. फोटोतला माणूस मागच्या भिंतीपासून कापून काढायचा, केस न् केस सोडवायचा, सगळं माउसनं. चौदा वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यापासून कापताना रेघ घसरू लागली. एका पुढाऱ्याचा कान गेला. मग एका मयत आजोबांच्या फेट्याचा तुरा उडाला आणि घरची माणसं दुकानात येऊन नाही नाही ते बोलली. मालकानं मला बाजूला घेतलं. "हात बराबर चालत नसल तर सांग बाबा. दुसरं माणूस बघतो." मला दुसरं काही येत नाही. आमचं घर याच हातावर चालतं.

मी सगळं खापर माउसवर फोडलं. दुकानानं हलकंसलकं दिलं, त्याला मी काय करू? गेम खेळणाऱ्यांचा माउस घ्यावा, तो नेमका चालतो, असं कुणीतरी सांगितलं. व्हिडिओ लावले तर तिथं वेगळंच पुराण. म्हणे, आधी स्वतःची पकड ओळखा. अख्खा तळवा टेकवता, बोटं वाकवून पंजा करता, की नुसत्या टोकांनी धरता? तळवा टेकवणाऱ्याला मोठा, उंच पाठीचा माउस. टोकांवाल्याला बुटका आणि हलका. चौदा वर्षं माउस धरलेल्या माणसाला हे शिकवून राहिले. डोकंच फिरलं. पण खरं सांगतो, मला उत्तर येईना. धरताना कोण बघतं?

बायकोचं माहेर कुरुंद्याचं, तिकडं शेतोशेत हळद, त्यामुळे घरात हळदीला तोटा नाही. दुकानातला पांढरा माउस रविवारी घरी आणला, ताटलीत हळद पसरली, पंजा तिच्यात दाबला आणि माउसवर रोजच्यासारखा ठेवला. उचलून बघितलं. तळवा उमटला नव्हता. अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट, एवढेच ठसे. म्हणजे मी टोकांवाला. एक काम मिटलं म्हणून मला बरं वाटलं.

बायको भाकरी थापता थापता बघायला आली.

"ही दोन बोटं काहून उचलून धरली?"

"उचलली न्हाईत. टेकवली होती."

"मग ठसे कुठंयत?"

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट हळदीनं तसंच भरलेलं होतं, जरासुद्धा पुसलं नव्हतं. मी चिडलो. पुन्हा हळद लावून चांगला दाबून धरला. तरी माउसची उजवी बाजू पांढरीच राहिली. बोटं टेकलीत हे मी शपथेवर सांगितलं असतं.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "करंगळी दाबते. कळलं की सांगा."

मी डोळे मिटले. मालकाचं बोलणं डोक्यातून जाईना. मला भीती वाटत होती, आज कबूल करतो. जरा वेळ थांबलो आणि म्हणालो, "व्हय, कळून राहिलं. सोड आता."

मी डोळे उघडले. ती हातभर लांब उभी होती आणि हाताचं पीठ पदराला पुसत होती.

"अजून दाबली न्हाई मी," ती म्हणाली.